वाट आणि ताट

मुलुंड पूर्व,
१४ जून

प्रिय काका,

साष्टांग नमस्कार लिहिला की तुम्ही म्हणता, वाकलीस कधी ते दाखव. म्हणून नुसता नमस्कार. कानाचं यंत्र अजून बिस्किटाच्या डब्यातच आहे असं काकू म्हणाली. म्हणजे फोनचा प्रश्नच मिटला. मी "कसे आहात" विचारणार आणि तुम्ही "पापलेट नाय, मुशी" असं उत्तर देणार. तुमचे कान विक्रोळीच्या कारखान्यात राहिले, पण अक्षर मात्र अजून झकास आहे. तेव्हा पत्रच बरं.

पाळणाघराची व्यवस्थापिका होऊन मला महिना झाला. पद मोठं आहे, खुर्ची मुलांचीच आहे, गुडघे हनुवटीला लागतात. माझ्या हाताखाली तीन मावश्या आहेत. अस्मितामावशी सगळ्यात जुनी, तिच्या शिंकेने अख्खी खोली जागी होते. टिना भांडुप गावठाणातली, सतत काहीतरी गुणगुणत असते. आणि रोशनी, वयाने लहान, कामाला वीज.

ट्रस्टने मला एका शिबिराला पाठवलं होतं. तिथली एक गोष्ट मला फार पटली. काम कसं करायचं हे बाहेरच्याने येऊन शिकवण्यापेक्षा काम करणाऱ्यांनीच एकत्र बसून आपलं काम उलटंसुलटं करून पाहावं. काय जमलं, काय फसलं, का फसलं. त्यातूनच माणूस तयार होतो. मी लगेच फळ्यावर लिहिलं, "शुक्रवारी दुपारी मुलं झोपल्यावर सामूहिक चिंतन. सर्वांनी यावे."

काल शुक्रवार होता. अस्मितामावशी काठापदराची साडी नेसून, पिशवीत टाळ घेऊन आली. रोशनी उपास धरून आली. टिनाने तर रविवारी फादरना विचारून घेतलं होतं, हे आम्हाला चालतं का म्हणून. फादर म्हणाले, चहा असेल तर जा. तिघी मांडी घालून, डोळे मिटून बसल्या. मी म्हटलं, "करायची का सुरुवात?" आणि अस्मितामावशीने जी गजाननाची आरती लावली, की बारा मुलं उठून टाळ्या वाजवायला लागली.

मी समजावून सांगितलं की चिंतन म्हणजे आपल्या कामाबद्दल बोलायचं. तिघींचे चेहरेच बदलले. "सगळं बरं आहे ताई." "काही तक्रार नाही ताई." रोशनी तर खाली मान घालून बसली. त्यांना वाटलं, चौकशी आहे. देवाचं नाव घेऊन बोलावलं आणि जाब विचारायला बसवलं.

तुम्ही कारखान्यात इतकी वर्षं माणसं सांभाळलीत. काय चुकतंय माझं?

तुमची,
नेत्रा

*

वर्सोवा,
१९ जून

चि. नेत्रास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. मुलुंडहून वर्सोव्याला यायला त्याला जेवढे दिवस लागले, तेवढ्यात पिंटूची बोट गुजरातेत जाऊन परत येते. हल्ली मात्र कुठलीच बोट कुठे जात नाही. पावसाळ्याची बंदी आहे, होड्या किनाऱ्यावर आणि माणसं शेडमध्ये. दिवसभर जाळी दुरुस्त करणं चालू आहे. मीही सुई घेऊन बसतो.

तुझं पत्र मी तिथेच बसून, अगदी मनातल्या मनात वाचलं. टाळांपाशी आलो तेव्हा नेमका पिंटू फिस्सकन हसला. त्याचा काय विनोद झाला होता कोण जाणे. हल्लीची पोरं कशालाही हसतात.

आता तुझं काय चुकलं ते सांगतो. चार माणसं समोरासमोर रिकाम्या हातांनी बसवलीस की ती एकमेकांच्या तोंडाकडे बघणार. तोंडाकडे बघितलं की माणूस सावध होतो. कारखान्यात साहेब आम्हाला गोल टेबलाला बसवायचे, तेव्हा आम्हीही "सगळं बरं आहे साहेब" म्हणायचो.

इथे शेडमध्ये बघ. जाळं मध्ये पसरलेलं असतं. प्रत्येकाच्या हातात त्याचा एक पदर. नजर जाळ्यावर, हात जाळ्यावर, आणि तोंड मोकळं. मग पिंटू आपण होऊन सांगतो की मढच्या बाजूला खडकावर ओढलं गेलं, मी घाई केली. कोणी त्याला विचारलेलं नसतं. आमच्याकडे फाटलेलं जाळं आलं की पहिला प्रश्न "कुठं फाटलं?" एवढाच असतो. "कोणी फाडलं?" असं विचारणाऱ्याला माझा बाप म्हणायचा, मग उद्या तूच जा समुद्रावर.

तेव्हा बायांच्या हाताला काहीतरी दे. आणि पहिलं भोक तुझं स्वतःचं दाखव. फळ्यावरचं ते चिंतन पूस.

काकूला माझं यंत्र डब्यात का असतं हे सांगायची गरज नाही. ते घातलं की कानात मिक्सर चालू होतो.

तुझा,
बळवंतकाका

*

मुलुंड पूर्व,
२८ जून

प्रिय काका,

जमलं! पावसात आमची दुपटी पंख्याखाली दोऱ्यांवर वाळतात आणि शुक्रवारपर्यंत त्यांचा डोंगर होतो. काल तो मध्ये ओतला आणि म्हटलं, चला, घड्या घालू. मुलं झोपलेली, त्यामुळे सगळं कुजबुजत.

पहिलं भोक माझं. मी मुलांना बोटांनी रंगवायला दिलं होतं आणि त्यांनी टिनाचा डबा रंगवला. तिने निळा भात खाल्ला आणि मला सांगितलंसुद्धा नाही. टिना म्हणाली, "ताई, चव सेमच होती." मग हसू आवरेना, तोंडात दुपटं कोंबून हसलो.

आणि मग अस्मितामावशी घडी घालता घालता सहज म्हणाली, "तो चिंटू सगळ्यांना चावत सुटलाय बाई, का ते कळत नाय. मी तर त्याला किती लाडानं भरवते. तोंड नाय उघडलं की म्हणते, मी चावू तुला? चावू?" एवढं बोलली आणि घडी हातातच राहिली. "अगं बाई. मीच शिकवलं की काय!" कोणी एक शब्द बोललं नव्हतं, काका. तिचं तिलाच दिसलं. मला असा आनंद झाला की काय सांगू.

रोशनी मात्र बोलली नाही. तिने सगळ्यांत जास्त घड्या घातल्या आणि मान खाली ठेवली. आणि माझी खरी काळजी तीच आहे. हे फक्त तुम्हाला सांगते, कुठे बोलू नका.

आमच्याकडे रुंजी नावाची दोन वर्षांची मुलगी आहे. तिची आई रेवती अंधेरीला नोकरी करते, यायला सात-साडेसात होतात. रुंजी दिवसभर छान खेळते आणि संध्याकाळी जे भोकाड पसरते ते आई येईपर्यंत. बाकीची मुलंही रडतात, पण हिचं रडणं काळजाला लागतं. संध्याकाळची मुलं रोशनीकडे असतात. एकदा रेवती आली तेव्हा रुंजी दाराशी एकटी रडत होती आणि रोशनी झाडू मारत होती. झालं, तिने ट्रस्टच्या नंदकुमारसाहेबांकडे तक्रार केली की ही बाई पोरांशी कठोर वागते. साहेबांनी मला बोलावून सांगितलं, रोशनी अजून कायम झालेली नाही, जुलैअखेर तिला ठेवायचं की दुसरी बघायची ते तुम्ही लिहून द्या. मी लिहीन तसं होणार.

मला ती कठोर वाटत नाही. उलट तिच्यासारखी टापटीप कोणाची नाही. साडेचारच्या ठोक्याला सगळी मुलं हातपाय धुऊन, पावडर लावून, भांग पाडून तयार. पण मुलं तिच्याच वेळेला रडतात हेही खरंच आहे. या नोकरीवर तिचं घर चालतं. मी काय लिहू?

नेत्रा

*

वर्सोवा,
३ जुलै

चि. नेत्रास आशीर्वाद.

अस्मिताबाईंचं वाचून मला त्यांना भेटावंसं वाटायला लागलंय. निळ्या भाताचीही मजा वाटली. इकडे शेडमध्ये सगळे हल्ली फार खुशीत असतात, बंदीच्या दिवसांत एवढी खुशी मी पाहिली नव्हती. मला बघितलं की पिंटू विचारतो, "काय काका, पोस्टमन आला की नाय?" त्याला माझ्या टपालाशी काय करायचंय?

तू सांगितलंस ते माझ्यापाशीच राहील. मी पत्र मनातच वाचतो. फक्त काकूला, नाव-गाव न सांगता, मोघम विचारलं की दोन वर्षांची पोर रोज संध्याकाळी का रडत असेल. ती मासळीच्या टोपल्या धूत होती. मानही वर न करता म्हणाली, "रडंल नाय तर काय, पोर ताट बघत असंल."

बरोबर आहे तिचं! मलाही पटलं. लहान पोट, दुपारचं जेवण कधीच जिरलेलं, मग संध्याकाळी भुकेने कळवळणार नाही तर काय. तू तिला चारच्या दुधानंतर काहीतरी भरीव दे. लाडू दे. प्रश्न सुटला असं समज.

आणि रोशनीबद्दल लिहायची घाई करू नकोस. आधी कुठं फाटलं ते सापडू दे. "कोणी" हा शब्द बसायच्या जागी आणूच नकोस.

बळवंतकाका

*

मुलुंड पूर्व,
१२ जुलै

काका,

लाडू दिले. नाचणीचे, शेंगदाण्याचे, एकदा तर माझ्या डब्यातला बेसनाचा. रुंजी लाडू खाते आणि उरलेला लाडू हातात घेऊन रडते. आता दोन्ही गालांत लाडू आणि वर भोकाड, म्हणजे आवाजही ओला येतो. ताटाचा काही संबंध नाही.

पण मी त्यासाठी लिहीत नाहीये. मी रागावले आहे, काका, आणि कोणावर रागवायचं ते कळत नाहीये.

गुरुवारी रोशनी मुलुंडच्या बाजारात सुके बोंबील घ्यायला गेली. तिथे काकूची भाची मानसी बसते ना, तिने हिच्या हातातली पाळणाघराची पिशवी बघितली, हिला न्याहाळलं आणि म्हणाली, "तू पाळणाघरातली रोशनी ना? तुला काढणार आहेत ते खरं का गं?" भर बाजारात! रोशनी बोंबील तिथेच टाकून घरी गेली. काल ती आली नाही. बरं वाटत नाही असा निरोप आला. अस्मितामावशीला तिने फोनवर सगळं सांगितलं आणि अस्मितामावशीने मला विचारलं, "ताई, आम्ही दुपट्यांवर मन मोकळं करायचं आणि तुम्ही पाठीमागे लिहून देणार, असं आहे का?"

काय उत्तर देऊ? ही गोष्ट नंदकुमारसाहेब, मी आणि तुम्ही, एवढ्यांनाच माहीत होती. साहेब मासे खात नाहीत. काल दुपटी तशीच पडून राहिली, कोणी हात लावला नाही.

तुम्ही कोणाला सांगितलंत?

नेत्रा

*

वर्सोवा,
१५ जुलै

नेत्रा बाय,

तुझं पत्र मी आधी फोडलं, काकाला अजून दिलेलं नाय. मी सगुणाकाकू लिहिते आहे. माझं अक्षर बघून हसू नको, मी चौथीपर्यंतच आहे.

बाय, तुझ्या काकाने कोणाला सांगितलं नाय. त्याने कोणाला सांगायची गरजच काय? तो मनात वाचतो ना, ते मन मढ बेटापर्यंत ऐकू जातं. त्याला वाटतं ओठ हलतायत नुसते. शेडमध्ये पत्र उघडतो आणि असा खड्या आवाजात वाचतो की मासळी सुकवायच्या ओट्यावरच्या बाया हातातलं काम टाकून कुंपणाला येऊन उभ्या राहतात. तुझ्या अस्मितामावशीचं ते चावू चावू आमच्या आळीत पोराटोरांच्या तोंडी झालंय. पिंटू तर पोस्टमनला चहा पाजतो.

आम्ही त्याला का सांगितलं नाय म्हणशील. बंदीत दिवस जाता जात नाय, आणि तो वाचताना एवढा खूश असतो, की कोणाला बोलवलं नाय. रोशनीचं पत्र वाचलं त्या दिवशी मानसी माहेरपणाला आली होती, ती पण उभी राहिली कुंपणाला. पुढचं तुला ठाऊक. तिला मी अशी झापलीय की आता महिनाभर मला फोन करणार नाय.

पण चूक झाली ती झाली. ती पोर घरात बसली तर तिची बाजू कोण मांडणार? तू जा तिच्या घरी. मॅडमसारखी जाऊ नको, आपल्या घरच्यासारखी जा. पोस्टाच्या भरवशावर राहायला वेळ नाय, पिंटूचा दोस्त मुलुंडला येतोय, त्याच्याबरोबर हे पत्र आणि बोंबील पाठवते. मानसीकडून माफी म्हणून रोशनीला दे.

आता मी काकाला हे सगळं सांगते. लिहून सांगते, म्हणजे नीट ऐकू जाईल.

काकू

*

मुलुंड पूर्व,
१९ जुलै

प्रिय काका आणि काकू,

दोघांनाही एकत्र लिहिते, आणि काका, हे पत्र तुम्ही कुठेही, कितीही मनात वाचलंत तरी चालेल. लपवायचं काही उरलं नाही.

मी बोंबील घेऊन रोशनीकडे गेले. तिने दार उघडलं पण आत ये म्हणाली नाही. मी उंबऱ्यात उभी राहूनच सगळं सांगितलं. तक्रार, साहेबांचं म्हणणं, माझं तुम्हाला पत्र लिहिणं, वर्सोव्याचं कुंपण, सगळं. कुंपणाशी आल्यावर तिला हसू फुटलं आणि तिने ते पदराने पुसून टाकलं. "येईन," एवढंच म्हणाली.

काल शुक्रवारी ती आली, तोंड घट्ट करून. दुपटी मध्ये ओतली आणि मीच बोलले. "माझं भोक असं की मला रोशनीबद्दल लिहून द्यायला सांगितलंय आणि मी ते तुमच्यापासून लपवलं. हे सगळ्यांसमोर सांगायला हवं होतं. आता रुंजीचं रडणं मध्ये पसरू. कुठं फाटतं, एवढंच बघायचं. कोणी, हा शब्द आज बाहेर चपलांजवळ."

मग अस्मितामावशीने एक दुपटं ओढलं. "जेवताना रडत नाय. माझ्याच मांडीवर असते."

"झोपेतून उठली की हसते," टिना म्हणाली. "माझं गाणं अर्धं तीच पुरं करते."

"दूध पिताना?"

"तेव्हाही नाही."

"मग कुठून?"

सगळ्यांची नजर दुपट्यांवर. रोशनी पहिल्यांदा बोलली, आवाज अगदी बारीक. "मी तोंड धुते तेव्हा पण हसते. भांग पाडते तेव्हा पण. मग दाराकडं बघायला लागते."

टिना म्हणाली, "पण मंगळवारी नाही रडली गं. तू नव्हतीस म्हणून मीच होते संध्याकाळी."

मी मनात म्हटलं, संपलं. रोशनी नसली की रडत नाही, म्हणजे तक्रार खरी. अस्मितामावशीनेही माझ्याकडे पाहिलं. काका, त्या क्षणी तो बाहेर चपलांजवळ ठेवलेला शब्द उठून आत यायला निघाला होता. मी कसंबसं विचारलं, "टिना, मंगळवारी वेगळं काय केलंस?"

"काय नाय. उलट केलंच नाय काही. मला कुठे रोशनीसारखं जमतं? दोघा-तिघांची तोंडं धुतली, तेवढ्यात आया यायला लागल्या. पावडर तर कोणालाच नाय लावली."

रोशनीच्या हातातली घडी थांबली.

"पावडर," ती म्हणाली. "ताई, पावडर लावली की आई येते. घरीपण तसंच असतं ना. पावडर लावली की बाहेर जायचं, नाहीतर कोणीतरी येणार. त्यांना घड्याळ कुठं कळतं? त्यांचं घड्याळ तेच. मी साडेचारला सगळ्यांना लावून मोकळी होते. ज्यांची आई पाचला येते ती रडत नाहीत. रुंजीची आई साडेसातला येते." मग ती रडायलाच लागली. "मी तिला रोज इतका वेळ दाराशी बसवते, ताई. मीच बसवते."

अस्मितामावशीने तिला जवळ ओढलं. "अगं, मी पोरगं चावरं करून ठेवलं, तू तर नुसती पावडर लावलीस!"

मी विचारलं, एवढी लवकर का लावतेस. ती म्हणाली, नवी होते तेव्हा एक आई अचानक लवकर आली आणि म्हणाली, माझं पोर असं पारोसं काय ठेवलंय? ते मनाला लागलं. तेव्हापासून कोणाचीही आई कधीही येवो, पोर चकचकीत दिसलं पाहिजे. मग डोळे पुसून म्हणाली, "माझी मुलगीपण शेजारणीकडे असते. मी जाते तेव्हा वेणी घालून पायरीवर बसलेली असते. मला वाटायचं, किती छान ठेवतात तिला."

काकू, आम्ही सगळ्याच कोणाची ना कोणाची वाट बघत मोठ्या झालो आहोत.

मग ठरवलं, म्हणजे रोशनीनेच ठरवलं, की पावडरचा डबा दारातल्या फळीवर ठेवायचा. तोंड धुवायचं ते दूध प्यायल्यावर लगेच, खेळासारखं. आणि पावडर ज्याची त्याच्या आईने लावायची, आल्यावर. सोमवारपासून सुरू.

नेत्रा

*

वर्सोवा,
२४ जुलै

चि. नेत्रास आशीर्वाद.

काकूने मला लिहून सांगितलं. वहीची दोन पानं भरून. मी दोन दिवस शेडकडे गेलो नाही. पिंटू बोलवायला आला तरी गेलो नाही. तुझ्या रोशनीला भर बाजारात जे ऐकावं लागलं ते माझ्यामुळे. तिला माझ्यातर्फे सांग, म्हातारा फार ओशाळला आहे.

आणि अजून एक आहे. तुझं पावडरचं पत्र काकूने शेजारी बसून माझ्याबरोबर वाचलं. "वाट बघत" या शब्दावर तिने बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघत राहिली. मग पाटीवर लिहून दाखवलं, "मी तुम्हाला तेव्हाच बोलले होते, पोर वाट बघत असंल."

वाट म्हणाली होती, नेत्रा. मी ताट ऐकलं.

तू त्या पोरीला उगाच लाडू चारलेस. पावडरीचं तुम्हीच शोधलंत, ते इथे बसून कोणाला सापडलं नसतं. पण "वाट" एवढा शब्द जरी मी धड पोचवला असता तरी तुमचे काही दिवस वाचले असते. मी शेडमध्ये बसतो, माना हलवतो, लोक हसले की हसतो. ते काय बोलतात यातलं निम्मं माझं मीच ठरवतो. तुला मी मोठ्या तोऱ्यात शिकवलं, की सगळे कसे मोकळं बोलतात बघ. बोलतात, ते खरं. मी ऐकत नव्हतो.

काय लिहिलंस साहेबांना ते कळव. जीव टांगणीला लागलाय, माझा आणि इथल्या कुंपणाचाही.

काका

*

मुलुंड पूर्व,
२ ऑगस्ट

प्रिय काका,

आधी ते ओशाळणं पुरे करा. रोशनी म्हणाली, त्या काकांना सांगा, माझं नाव मढपर्यंत पोचवल्याबद्दल थँक्यू. आणि त्या लाडवांनी रुंजीचे गाल असे झालेत की तिची आजी तुम्हाला दुवा देतेय.

आता ऐका. सोमवारी पहिल्याच दिवशी रेवती आली, ऑफिसची काळी पँट, खांद्याला लॅपटॉप, चेहरा दमलेला. रुंजी टिनाबरोबर ठोकळे रचत होती. रडणं नाही, दाराकडे बघणं नाही. रेवती दारातच थबकली. रोशनीने तिच्या हातात डबा दिला. "ताई, तुम्ही लावा. तिला आता तुमच्या हातची हवीय." रेवतीला वाटलं, काहीतरी चुकीचं ऐकलं. मग ती खाली बसली, रुंजी धावत आली आणि दोन्ही गाल पुढे केले. रेवतीचा हात सवयीचा नव्हता, अर्धी पावडर काळ्या पँटवर. रुंजीने उरलेली आईच्या नाकाला लावली. दोघी हसत होत्या आणि रेवतीच्या डोळ्यांत पाणी होतं.

आता रोज संध्याकाळी आमच्या दारात पांढरा ढग असतो. आया आल्या आल्या घाईने मूल उचलून जायच्या, त्या आता खाली बसतात. एक बाबाही बसतात, ते स्वतःलाही लावून घेतात. रेवतीने आपण होऊन साहेबांना फोन केला.

साहेब काल, शुक्रवारीच आले, म्हणाले, तुमची ती बैठक बघायची आहे. मी म्हटलं, बघायची नसते, बसायचं असतं. त्यांच्या मांडीवर दुपट्यांचा ढीग दिला. त्यांना घडी घालता येत नाही, काका! प्रत्येक दुपटं मोदकासारखं. अस्मितामावशी शेवटी न राहवून म्हणाली, "साहेब, तुमचं भोक सांगा, म्हणजे हात चालंल." साहेबांनी आणखी एक मोदक वळला. मग म्हणाले, "मी तक्रार ऐकली आणि या बाईंना एकदाही भेटलो नाही." रोशनीने त्यांच्यापुढचं दुपटं ओढून घेतलं आणि म्हणाली, "असं धरा साहेब, कोपरे आधी जुळवायचे."

रोशनी कालपासून कायम झाली. मी लिहून दिलं होतं, पण साहेबांनी ते वाचायच्या आधीच सांगून टाकलं. आणि ती आता लवकर निघते, शेजारणीला तिने सांगितलंय, वेणी मी आल्यावरच घालेन.

फळ्यावर शुक्रवारच्या पुढे आता फक्त "घड्या" असं लिहिलेलं असतं. सगळ्यांना कळतं.

तुमची,
नेत्रा

*

वर्सोवा,
१० ऑगस्ट

चि. नेत्रास अनेक आशीर्वाद.

परवा नारळी पौर्णिमा झाली. समुद्राला नारळ दिला, होड्या सजल्या, आणि काल पहाटे पिंटू बोट घेऊन गेला. आता शेड रिकामी आहे. जाळी सगळी पाण्यात.

एक बातमी आहे. तुझं पत्र आलं त्या दिवशी मी डबा उघडला आणि यंत्र कानात घातलं. म्हटलं, रोशनीचं ऐकून ही माणसं काय म्हणतात ते मला खरंखुरं ऐकायचंय, मनाने ठरवलेलं नको. मिक्सर चालू झाला, तरी दात खाऊन बसलो. मग शेडमध्ये जाऊन तुझं पत्र उघडलं, वाचायला लागलो, आणि घाबरून थांबलो. कोणीतरी माझ्या कानात ओरडत होतं. तो मीच होतो, नेत्रा! इतकी वर्षं असा बोलतोय आणि एकाने सांगितलं नाही! कारखान्यात आम्हाला मशिनच्या आवाजावरून ओरडायला लागायचं, तो आवाज तसाच राहिला वाटतं. मशिन बंद झालं, मी नाही झालो.

मला लाजच वाटली. आवाज खाली आणला आणि खरोखरचं मनातल्या मनात वाचायला लागलो. पावडरचा डबा, काळी पँट, सगळं गुपचूप. साहेबांच्या घड्यांपाशी आलो आणि कुंपणापलीकडून बायकांचा गलका उठला. सगळ्यांत वर तुझ्या काकूचा आवाज.

"ओ, मोठ्यानं वाचा! आम्ही वाट बघतोय!"

वाट म्हणाली. ताट नाही. मी पहिल्या झटक्यात ऐकलं.

मग मी उभा राहिलो आणि पहिल्यापासून वाचलं.

तुझा,
बळवंतकाका